विटाळ नेमका कशाचा?

दरवर्षी २० मार्च जवळ आला की बीडमधून महाडकडे गाड्या निघतात. निळे झेंडे लावलेल्या, घोषणांनी दणाणलेल्या. पेठ बीडकडून निघालेल्या गाडीला बिंदुसरेवरचा पूल ओलांडावाच लागतो. पुलावर गाडी आली की घोषणा थोडा वेळ थांबतात आणि खिडक्यांच्या काचा वर होतात. खालून येणारा वास सहन होत नाही. पूल संपला की काचा खाली, पुन्हा घोषणा. चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी शेकडो किलोमीटर जाणारे आपण स्वतःच्या गावच्या नदीवरून नाक दाबून जातो. हे आम्ही दुसऱ्या कोणाला शिकवण्यासाठी लिहीत नाही. काच वर करणाऱ्यांत आम्हीही होतो.

ही काच आमच्यापुरती खाली केली ती माजलगाव धरणावर मासे धरणाऱ्या एका भोई गृहस्थांनी. संस्थेच्या ठेक्याच्या कागदांचे काहीतरी काम घेऊन ते आमच्याकडे आले होते. वय साठीच्या पुढे. बसायला खुर्ची दिली तर म्हणाले, "उभाच बरा आहे, साहेब." आम्ही आग्रह केला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत वर करून त्यांनी पाय दाखवले. पोटऱ्यांवर खाजवून खाजवून काळे पडलेले चट्टे, बोटांच्या बेचक्यांत भेगा. "खुर्चीला लागंल म्हणून बसत नाही. माणसं नाक मुरडतात." आयुष्यभर पाण्यात उभा राहिलेला माणूस एका वकिलाच्या खुर्चीवर बसायला संकोचतो. का, तर त्याच्या अंगाला पाण्याची घाण लागली आहे. हे वाक्य कानावर पडले आणि आम्हाला आमचे आजोबा आठवले. तेही कोणाच्या ओट्यावर बसत नसत. कारण वेगळे होते, संकोच तोच.

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. इथे होडी म्हटले की लोक हसतात. दुष्काळाचा, ऊसतोडीचा, टँकरचा जिल्हा. इथे कसल्या होड्या? पण माजलगावचे धरण पाहा. सिंदफणा नदीवर उभ्या राहिलेल्या या धरणाची साठवण क्षमता ४५४ दलघमी, त्यातला उपयुक्त साठा ३१२. पैठणच्या नाथसागरातून निघालेला उजवा कालवाही इथेच पाणी आणून सोडतो. या पाण्यावर होड्या आहेत, थर्माकोलचे चप्पू आहेत, ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये हवा भरून तीवर पालथे पडून जाळे टाकणारे लोक आहेत. भोई समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे. पूर्वी नदी पार करून देणे, पालख्या वाहणे आणि मासे धरणे ही त्यांची कामे. पूल झाले, पालख्या गेल्या, मासे तेवढे राहिले. धरणातले मासे धरण्याचा हक्क मच्छीमार संस्थेला ठेक्याने मिळतो. संस्था मत्स्यबीज विकत घेऊन सोडते, म्हणजे पेरणी करते. कटला, रोहू, मृगळ हे या पेरणीचे पीक. शेतकऱ्याच्या पिकाचा पंचनामा तलाठी करतो. पाण्यातल्या पिकाचा पंचनामा करायला कोण येतो, ते आम्ही कोणाकडून ऐकलेले नाही.

आता या पाण्यात काय येते ते पाहू. बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी बिंदुसरा पालीजवळच्या धरणात अडते. धरण भरले की सांडव्यावरून पाण्याची चादर पडते, ती पाहायला अख्खे बीड लोटते. तिथून खाली ती शहरात शिरते. पावसाळा सोडला तर शहरातल्या बिंदुसरेत नदीचे पाणी नसतेच. असते ते गटारांचे. शहर ओलांडून ती सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा माजलगाव धरणात येते. आणि बीड शहर पिण्याचे पाणी कुठून आणते? पालीच्या धरणातून थोडे, आणि मोठा भाग माजलगाव धरणाच्या फुगवट्यातून, पंपाने उचलून. म्हणजे शहर जे सोडते तेच फिरून, शुद्धीकरण केंद्रातून गाळून, शहराच्या नळाला येते. हे बीडमध्ये फार लोकांना ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी घरी फिल्टर बसवला आहे.

किती सोडते? वकिलाला हिशोब करायची खोड असते, म्हणून ढोबळ हिशोब केला. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या १ लाख ४६ हजार ७०९ होती. आज ती बरीच जास्त आहे, पण जुनाच आकडा धरू. भुयारी गटार नसलेल्या शहरासाठी माणशी रोज ७० लिटर पाणी हा सरकारी मापदंड, आणि वापरलेल्या पाण्यातले ८० टक्के सांडपाणी होते हा अभियंत्यांचा साधा नियम. गुणाकार केला की रोज ८२ लाख लिटर येते. आपल्या जिल्ह्याला लिटर समजत नाहीत, टँकर समजतात. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर रोज ८२० टँकर. उन्हाळ्यात कुठल्या तालुक्याला किती टँकर लागले याचे आकडे पेपरात रोज छापून येतात, आमदार त्यावर भांडतात, कंत्राटदार त्यावर मोठे होतात. घाण पाण्याचे टँकर मात्र कोणी मोजत नाही.

प्रामाणिकपणे सांगायचे तर हे सगळे ८२० टँकर रोज धरणापर्यंत पोचत नाहीत. उन्हाळ्यात बरेचसे पात्रातच मुरते, डोहात साचते, कोणी उपसून शेताला देतो. वाहती नदी थोडेफार स्वतःला साफही करते. खडकावरून उसळताना पाण्यात हवा मिसळते, वाळूतून झिरपताना गाळ मागे राहतो. पण त्यासाठी वाळू जागेवर हवी. सिंदफणेची आणि गोदावरीची वाळू कुठे गेली हे गेवराईत कोणालाही विचारा. रात्री हायवा कोणाचे धावतात हे शेंबडे पोरही सांगेल. नदीची चाळणीच ज्यांनी विकून खाल्ली, त्यांच्यातलेच काही पुढे नदी बचाव फेरीत पांढरे कपडे घालून पुढच्या रांगेत चालतात.

आणि मग पहिला पाऊस येतो. सात-आठ महिने डोहांत कुजलेले सगळे एका रात्रीत हलते आणि काळ्या लोंढ्याने खाली सरकते. मासे मरतात ते याच दिवसांत. यामागचे शास्त्र सोपे आहे. मैला कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खातो. आंघोळीला योग्य पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. माशांसाठी ४ चा. रात्री पाण्यातल्या वनस्पतीही प्राणवायू बनवत नाहीत, उलट वापरतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. कटला, रोहू पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात. मरळ आणि मांगूर हवेतून श्वास घेऊ शकतात, ते तगतात. "पहाटं जाळं काढाया जावं तर मासा आधीच वर तरंगतोय, साहेब. जाळ्याची गरजच नाही," असे त्या भोई गृहस्थांनी सांगितले. सांगताना ते हसले. हसण्यासारखे काय होते ते आम्हाला कळले नाही.

नुकसान माशांपुरते नाही. सांडपाण्यातल्या खताने जलपर्णी फोफावते, तिच्यात वल्हे अडकते, जाळे फाटते. नायलॉनचे जाळे काही स्वस्त नसते. मैलामिश्रित पाण्यात रोज पाच-सहा तास उभे राहणाऱ्याला खरूज, नायटा, डोळे येणे, हगवण, विषमज्वर, कावीळ यांचा धोका असतो. जखमेतून लेप्टोचाही. गमबूट घालून होडीतून पाण्यात उतरता येत नाही. बुटात पाणी भरले तर माणूस बुडतो. मग तो उघड्या पायाने उतरतो. घरातल्या बायका तेच मासे डोक्यावर घेऊन बाजारात बसतात. त्यांतल्या एकीने सांगितले की शहरातले गिऱ्हाईक आधी विचारते, "मासा कुठला? धरणाचा असेल तर नको, त्यात गटार येते." धरणाचे पाणी नळाने पिणारेच हे विचारतात. पाणी चालते, मासा चालत नाही. आणि मासा विकणारी तर त्याहून नाही.

इथे महाडची आठवण निघणे अपरिहार्य आहे. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला, पाणी दुसऱ्यांच्या ताब्यात. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब त्या तळ्यात उतरले, ओंजळीने पाणी प्याले, मागे हजारो लोक प्याले. मग काय झाले? तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्यात १०८ घागरी पंचगव्य ओतले. दूध, दही, शेण, गोमूत्र. तळे 'शुद्ध' झाले. पुढे डिसेंबर १९२७ मध्ये त्यांनी कोर्टातून मनाई हुकूम मिळवला, बाबासाहेबांनी कायद्याचा मान राखून तो पाळला, आणि दहा वर्षे लढून मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा जिंकला. वकिलीच्या कॉलेजात हा खटला आम्हाला कोणी शिकवला नाही. तो आम्ही स्वतः शोधून वाचला.

या १०८ घागरींचा अर्थ आम्हाला त्या भोई गृहस्थांच्या पोटऱ्या पाहून नव्याने लागला. माणसाचा हात लागला तर तळे बाटते, आणि त्यात शेण ओतले की शुद्ध होते. असे मानणाऱ्या समाजाच्या शब्दकोशात विटाळ हा शब्द घाणीसाठी नाहीच, तो माणसासाठी आहे. म्हणून रोज ८२० टँकर मैलापाणी नदीत गेले तरी कोणाला पाणी बाटल्यासारखे वाटत नाही. नदी माताच राहते, आरती होते, नदीकाठी भंडारे होतात. पण एखाद्याच्या अंगाला त्या मातेचे पाणी लागून चट्टे उठले तर तो माणूस विटाळतो. महाडमध्ये पाण्यापासून माणसांना दूर ठेवले गेले. आज ज्या पाण्यात कोणी पाय घालणार नाही, त्यात ठरावीक माणसांनाच उभे केले जाते. भाषा बदलली, कामाची वाटणी तीच.

आणि ही वाटणी नदीभर पसरलेली आहे. नाशिकचे सांडपाणी गोदावरीने खाली येते. छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे, खाम नदीतून नाथसागरात येते आणि तेच शहर नाथसागराचे पाणी पिते. नाथसागरातून कालव्याने पाणी माजलगावला. त्यात बीडची बिंदुसरा. माजलगावच्या खाली मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते, तिथे लोक पुण्य म्हणून स्नान करतात. पुढे नांदेड, पुढे तेलंगण. प्रत्येक शहर वरच्याची घाण सोसते आणि स्वतःची खालच्यावर लोटते. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते याच रचनेमुळे. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे, म्हणून कोणीच पूर्ण ताकदीने वरच्याशी भांडत नाही. बीडकराने नाशिककराला जाब विचारायचा तर माजलगावकर बीडकराला विचारेल. मग सगळेच गप्प. या उतरंडीत सर्वांत खाली शहर नाही, गाव नाही. सर्वांत खाली होडीतला माणूस आहे. त्याच्या खाली फक्त मासा.

समुद्रकिनाऱ्यावर हेच चित्र मोठ्या आकारात आहे. मुंबईचे मैलापाणी वरळी आणि वांद्र्याहून समुद्राखालच्या नळांनी तीन किलोमीटरहून अधिक आत सोडले जाते, आणि नाल्यांतून, मिठी नदीतून जे जाते ते वेगळेच. माहीम, वरळी, वर्सोव्याच्या कोळ्यांच्या जाळ्यात मासळीआधी प्लास्टिक येते. जवळची मासळी संपली म्हणून होडी लांब न्यावी लागते, डिझेल जास्त जळते. शहरात सात नवी मलशुद्धीकरण केंद्रे उभारण्याचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले, खर्च सुमारे १७ हजार कोटी. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला ही जाग इतक्या उशिरा येते, तर बीडला कोण विचारतो? आणि त्या मुंबईच्या गटारांत उतरणारे कोण? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून गेलेले आपलेच लोक, नाल्याकाठी झोपड्या घालून राहिलेले. म्हणजे गटारात उतरणारा आपला, आणि गटार जिथे संपते तिथे होडीत बसलेला कोळी किंवा भोई. एकाच पाण्याची दोन टोके. ती एकमेकांना ओळखत नाहीत हे व्यवस्थेच्या सोयीचे आहे.

आम्ही या विषयावर एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो, तेव्हा टेबलामागच्या बाबूने अर्ज वाचून आमच्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "वकीलसाहेब, हा भोई लोकांचा विषय. तुमच्या समाजाचा काय संबंध?" तो वाईट माणूस नव्हता, चहाही मागवला. त्याच्या डोक्यात एवढेच पक्के होते की प्रत्येक तक्रारीला एक जात असते आणि त्या जातीनेच ती आणावी. कोर्टात हाच प्रश्न इंग्रजी नावाने विचारतात. तिथे उत्तर देता येते. त्या टेबलासमोर आम्ही म्हणालो, "आम्हीही तेच पाणी पितो." तो म्हणाला, "ते तर मीही पितो." अर्जावर पोच दिली. पुढे काही घडले नाही.

पण बाबूला दोष देऊन भागणार नाही, कारण हाच प्रश्न आपल्याही बैठकीत निघाला. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, अत्याचाराची प्रकरणे पडून आहेत, शिष्यवृत्त्या थकल्या आहेत, गायरानाचे प्रश्न आहेत, आणि तुम्ही मासे काय घेऊन बसलात? त्यांचे म्हणणे खोटे नाही. आपल्याकडे माणसे थोडी आणि आगी जास्त. तरीही आम्हाला वाटते की त्यांनी बाबासाहेबांचे एक अंग विसरले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ बाबासाहेबांकडे श्रमखाते होते, आणि त्याच काळात दामोदर खोऱ्याची योजना आकाराला आली, १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग उभा राहिला. त्या आयोगाच्या नावातच होडीला जागा होती. पाणी हा त्यांच्यासाठी स्पर्शाचा प्रश्न होता तसा नियोजनाचाही होता. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडून पाहा. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून बाबासाहेबांनी म्हातारा, रोगी, प्रेत ही जुनी कथा नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद पुढे ठेवला. युद्धाला विरोध केला म्हणून सिद्धार्थाला घर सोडावे लागले. आपल्या धम्माच्या उगमाशी एका नदीचे भांडण आहे. त्या नदीच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्यांना एकत्र बसवणे हे मग आपले काम कसे नव्हे?

कायद्याकडे येऊ. १९७४ चा जल प्रदूषण कायदा आहे. त्याच्या कलम २४ ने प्रवाहात घाण सोडण्याला बंदी आहे. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका कायद्यात सांडपाण्याची व्यवस्था हे पालिकेचे आवश्यक कर्तव्य सांगितले आहे, ऐच्छिक नव्हे. स्वच्छ पाणी हा घटनेच्या कलम २१ चा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने मलशुद्धीकरण केंद्रांसाठी तीन वर्षांची मुदत घालून दिली. ती संपून बरीच वर्षे झाली. बीडसाठी केंद्राच्या अमृत योजनेतून भुयारी गटार योजना मंजूर झाली, रस्ते उकरले गेले, त्या खड्ड्यांतून आम्हीही मोटारसायकल घातली. बहुतेक नगरपालिकांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि निवडणुका झाल्या त्या थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मधली वर्षे जाब विचारायला नगरसेवकसुद्धा नव्हता.

एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "सर, ॲट्रॉसिटी लागत नाही का?" प्रश्न हुशारीचा होता. १९८९ च्या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींच्या वापरातले पाणी घाण करणे हा गुन्हा आहेच. पण तिथे आरोपी म्हणून एक माणूस उभा करावा लागतो. इथे आरोपी सगळे शहर आहे, आणि त्यात आपल्या वस्तीचेही गटार आहे. शिवाय भोई त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. तो मार्ग बंद.

उघडा आहे तो रतलामचा. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरात उघड्या गटारांना वैतागलेले एका वॉर्डातले रहिवासी मॅजिस्ट्रेटकडे गेले. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचे फौजदारी संहितेचे कलम १३३ त्यांनी वापरले. नगरपालिका भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, म्हणाली, पैसे नाहीत. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की पैसे नसण्याची सबब पालिकेला कर्तव्यातून मोकळे करत नाही. तेच कलम आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ क्रमांकाने आहे. त्याला मोठा वकील लागत नाही, मुंबई-दिल्लीची वारी लागत नाही. उपविभागीय दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज, पुरावा, पंचनामा. रतलामच्या रहिवाशांपुढे गटार दारात होते. आपल्याला मात्र गटार बीडचे आणि त्रास माजलगावला, हा दुवा सिद्ध करावा लागेल. म्हणून संगमाच्या वर आणि खाली, एकाच दिवशी घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल हवेत, आणि ते पहिल्या पावसाच्या आठवड्यातले हवेत. एप्रिलमध्ये घेतलेला नमुना समोरचा वकील दोन मिनिटांत उडवून लावेल.

आणखी एक गोष्ट या अर्जात घालावी असे आम्हाला वाटते. शहराचा बराच मैला अजून शौचालयाच्या टाक्यांत साचतो. तो उपसून नेणारी गाडी तो कुठे रिकामा करते याची नोंद ठेवणे पालिकेवर बंधनकारक करावे. आणि टाकीत माणूस उतरवणे बंद. मे २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, अशी टाकी साफ करताना पाच जण गुदमरून मेले. गरीब मुसलमान मजूर होते. हाताने मैला उपसण्यास बंदी घालणारा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून अमलात आहे. तारीख पाहा! ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. भरपाई मेल्यावर मिळते. टाकीत मेलेल्याला निदान कायद्याने एक आकडा तरी दिला. पाण्यात रोज थोडा थोडा कुजणाऱ्या भोयाला तोही नाही.

अर्जाच्या मसुद्यावर आमच्या ऑफिसात बैठक झाली. धरणावरचे सात-आठ जण आले, पेठ बीडकडच्या नदीकाठच्या वस्तीतल्या बायका आल्या. दर पावसाळ्यात त्यांच्या घरात हेच पाणी शिरते, आणि जुलै १९८९ चा पूर ज्यांनी पाहिला त्या अजून नदीकडे पाठ करून झोपत नाहीत. पहिल्या अर्ध्या तासात भांडणच झाले. धरणवाले म्हणाले, घाण तुम्ही सोडता. बायका म्हणाल्या, आमच्या वस्तीत संडासच धड नाहीत, घाण बंगल्यांची आहे. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. चहा झाला. मग एका आजीने त्या भोई गृहस्थांना विचारले, "पायाला काय लावता, दादा?" त्यांनी कुठल्यातरी मलमाचे नाव सांगितले. आजी म्हणाली, आमच्या नातवालाही तेच दिले होते डॉक्टरने, गुण आला नाही. त्या दिवशी ते गृहस्थ खुर्चीवर बसले होते.

सह्या अजून घेत आहोत. धरणावरच्या मच्छीमारांनी संस्थेच्या ओळखपत्राची झेरॉक्स, ठेक्याच्या पावत्या आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या असतील तर त्या आणाव्यात. मासे मेल्याचे मोबाईलवर काढलेले फोटो तारखेसह ठेवावेत, पुसून टाकू नयेत. वस्तीतल्या मंडळींनी घरपट्टीची पावती आणावी, नसेल तर मतदार कार्ड चालेल. सही येत नसेल तर अंगठा चालतो. फी नाही. रविवारी सकाळी दहानंतर आम्ही ऑफिसात असतो.